मिळवायचा एक

चोपड्यात, यावल रस्त्याला, पत्र्याखाली
यासीन पिंजारींनी इंजिन शिकंज्यात उभं धरलं,
पिस्टन अगदी माथ्यावर, प्लगचं भोक आभाळाकडे.
सातपुड्याचा चढ लागला की टकटक करायचं ते.

गुरांच्या दवाखान्यातून मागून आणलेली सिरिंज,
रॉकेलमध्ये जरासं ऑइल.
थेंब थेंब सोडत गेलो.
बाराव्या मिलीला भोकाच्या काठाशी चकाकी आली.
आट्यांतलं एक वजा. अकरा.

व्यास पन्नास, धाव साडेएकोणपन्नास.
केळीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर
गुणाकार घामाने फिसकटत होता:
सत्त्याण्णव.
भागिले अकरा, आठ पॉइंट आठ.

"पुस्तकात नऊ आहे उस्ताद, मग कमीच की."

त्यांनी बिडी कानामागे खोचली.
"एक इसरी गया, भो.
दाबीसन जे उरस, ते बी मोजनं पडस."

म्हणजे नऊ पॉइंट आठ.

हेड उघडलं. आत काजळीची खपली,
आमच्या तव्याखाली असते तशी.
पितळी पट्टीने दुपारभर खरवडली,
हेड बसवून पुन्हा भरलं: तेरा, वजा एक.
उस्ताद काही बोलले नाहीत,
सिरिंज धुऊन परत देऊन ये म्हणाले.

अजूनही पुठ्ठा हातात घेतला
की कोपऱ्यात आधी तो एक लिहितो,
मग विचारतो, गाडी कुठली.