पूर्वेऐवजी पश्चिम

लायसन मिळालं तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो.
परीक्षेच्या हॉलमध्ये पोरं मला सुपरवायझर समजून उभी राहिली.

आता गच्चीवर, टाकीला बांधलेल्या पाइपावर अँटेना आहे,
मांजाचे तुकडे अडकलेली.
खाली खोलीत मुलीचा जुना लॅपटॉप,
त्यात पृथ्वी.
बोटानं ढकलली की फिरते, सोडली की थोडी पुढं जाऊन थांबते,
पट्टा काढल्यावर माग थांबतो तशी.

तिच्यावर माणसं आहेत.
म्हणजे त्यांच्या खुणा.
अर्ध्या सेकंदाची खरखर येते, तिच्यात सगळा पत्ता असतो:
तुळजापूरच्या घाटात एक मोटार,
होटगीकडं कुणाचं हवामानयंत्र, पारा त्रेचाळीस,
आणि विजापूर रस्त्यावर एक सायकल
जी तीन दिवस हललेली नाही.

मीही घर मांडायला घेतलं.
सतरा अंश, एकोणचाळीस कला, उत्तर.
पंचाहत्तर अंश, चौपन्न कला,
इथपर्यंत बरोबर.
शेवटी ई टाकायचा, मी डब्ल्यू टाकला.
दिवसभर चोवीस माग सांभाळून आलो होतो.

पृथ्वी हलली.
सोलापूर मागं गेलं, कॅस्पियन गेला, पोलंड गेला,
इंग्लंडच्या डोक्यावरून अख्खा अटलांटिक उतरून
जमैकाच्या जरा अलीकडं,
निळ्यात,
माझं घर.
लाल छपराचं नखाएवढं चित्र, खाली माझा कॉलसाइन.

भूदेवी उंबऱ्याशी विड्या वळत होती, सूप मांडीवर.
"काय वो, कुठं आहे आपलं घर?"
"समुद्रात."
तिनं मान वर केली. "नीळ्ळेना?"
"पाणीच. चारी बाजूंनी."
एक विडी बांधून झाली, दुसरं पान उचललं.
"मग राहू द्या की आजची रात.
नळ परवा येणार."

राहू दिलं.
दर दहा मिनिटांनी माझी पेटी जगाला सांगत राहिली
की अशोक चौकामागची दोन खोल्यांची जागा
खोल पाण्यावर आहे.
शेजारच्या कारखान्यात रातपाळीचे माग धडधडत होते.
ते मला इंजिनासारखे वाटले,
आणि कधी नव्हे ती लवकर झोप लागली.

पहाटे साडेचारला निरोप होता.
कुणी वेंडेल, पोर्ट मोरांटचा. त्याच्याकडं अजून कालची संध्याकाळ.
"खूण घराची, जागा समुद्राची. जहाज आहे का? मदत हवी का?"

मी चहा न करता बसून राहिलो.
गिरणीला कुलूप लागलं त्या वर्षी
आमच्या बापाला असं कुणी विचारलेलं
आठवत नाही.

लिहिलं: घरच आहे. सोलापूर, भारत. अक्षर चुकलं. सगळे कोरडे आहोत.
त्यानं कळवलं: कोरडं बरं.
भूदेवीला वाचून दाखवलं.
"त्याला काय म्हाईत," म्हणाली.

मग ई टाकला.
घर परत आलं, पण यंत्राला वाटलं घर चालत आलं,
त्यानं दोन्ही जागा एका लाल रेघेनं जोडल्या.
पंधरा हजार किलोमीटर.
वेग, ताशी नव्वद हजार.
खाली अशोक चौकाचा फोटो जुनाच,
त्यात चिमणी अजून उभी आहे
आणि तिची सावली आमच्या गच्चीपर्यंत येते.
त्या सावलीतून निघून रेघ वर गेली होती.
बावीस वर्षं मी तुटलेले धागे हुडकतोय.
बोटानं पृथ्वी फिरवत शेवटापर्यंत गेलो,
ही कुठं तुटली नव्हती.

जुन्या खुणा पुसायच्या का, असं विचारतं ते.
मी उत्तर दिलेलं नाही.

परवा पहाटे नळ आला, पाऊण तास.
भूदेवीनं आधी पिंप भरलं, मग घागरी,
मग तांब्यासुद्धा,
आणि ओल्या हातानं दार ढकलून म्हणाली,
"कळवा त्याला."