शनिवारची रात्रपाळी

शनिवारी रात्रपाळी असली
की शाल्मली वही घेऊन पर्वती जलकेंद्रावर येते.
भिलारे बघून न बघितल्यासारखं करतो.

ती वर्तुळं काढते. मधे केंद्रक, बाहेर कवचं,
शेवटच्या कवचात सात ठिपके.
"हा तुमचा क्लोरीन, बाबा. एकच कमी आहे बिचाऱ्याला."

बिचारा!
बावीस वर्षं मी त्या पिवळ्या टाक्यांच्या सांध्यांवरून
अमोनियाचा बोळा फिरवतोय.
पांढरा धूर दिसला की आधी मास्क, मग देव.

"तो धूर म्हणजे नवसागर," ती म्हणते,
"त्यात नावालाही धातू नाही, तरी आयन झालेत.
हायड्रोजन अमोनियाकडे निघून गेला
आणि त्याचा इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे राहिला."

"विसरला?"

"सोडला."

मी रजिस्टरात दोन वाजताचा दाब लिहितो.
खोडतो. पुन्हा तोच लिहितो.

मग ती दोन वर्तुळं एकमेकांत घुसवते.
दोघंही क्लोरीन, दोघांनाही हवा,
द्यायला कुणीच तयार नाही.
म्हणून एक याचा, एक त्याचा, असे मधे ठेवतात,
आणि ती जोडी दोघंही आपल्यात धरतात.
इकडून मोजा, आठ.
तिकडून मोजा, आठ.

"ही तर लबाडी झाली गं."
"बंध झाला, बाबा. परीक्षेत लबाडी लिहिलं तर शून्य."

धनकवडीला तिची एक उशी आहे, क्वार्टरमध्ये एक.
कंपासपेट्या दोन, दातांचे ब्रश दोन.
मागे यादी करायला एक बाई आल्या होत्या,
घरात माणसं किती?
मी म्हटलं, दोन.
तिकडेही कुणी विचारलं असेल,
तिकडेही उत्तर दोनच गेलं असेल.

चारच्या सुमारास ती वहीवर डोकं ठेवून झोपते.
पेन्सिलीचे दोन ठिपके गालावर उमटलेत.

साडेचारला व्हॉल्व्ह सोडायचा.
त्याआधी परीक्षानळीत पाणी घेतो, औषधाचा थेंब टाकतो,
उजेडाकडे धरतो.
फिकट पिवळं. हवं तेवढंच.

एव्हाना टाकीतली जोडी पाण्यात फुटलेली असते:
एक जण इलेक्ट्रॉन घेऊन मिठासारखा गप्प,
दुसरा ऑक्सिजनला धरून जंतूंशी भांडत
अंधाऱ्या पाइपांतून निघालेला.

उजाडता उजाडता तो धनकवडीला पोचेल.
पातेलं भरताना तिला वास येईल,
ती नाक मुरडेल,
आणि आज कुणाची पाळी होती
ते तिला कळेल.