हसुराम कोळी, डावा पाय

एप्रनची घडी घालायची नाही,
आतलं शिसं तडकतं,
हे बाबर सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.
रुंद हँगरवर टांगायचा, माणसासारखा.
तेव्हापासून घरी ओढणीची घडी घालतानाही
माझा हात क्षणभर थबकतो.

साडेसहा किलो. गळ्याला पट्टी. छातीवर बॅज,
दर तीन महिन्यांनी पाकिटात घालून पाठवायचा.
मी कधी न पाहिलेलं कुणीतरी
माझ्या वाट्याला किती किरण आले
ते मोजून कळवतं.

नेरूळ. दुसरा मजला. बिनखिडकीची खोली.
बाहेर दिवस आहे की रात्र
ते जिन्सी सिस्टरच्या डब्यावरून ओळखायचं.

टेबलावर दिवाळ्याचे हसुराम कोळी, वय एकाहत्तर,
डाव्या पायाचा अंगठा काळा पडलेला,
विडी गेल्या महिन्यात सोडली, म्हणतात.
उजव्या जांघेतून सुई, सुईतून तार,
आणि माझं रोजचं वाक्य:
काका, आता पायात गरम वाटेल. हलायचं नाही.
हेच मी कानडीत म्हणते, भोजपुरीत म्हणते,
मल्याळममध्ये मला येतं तेवढं हेच.

पहिलं चित्र औषधाआधीचं,
दुसरं औषध उतरताना.
यंत्र दुसऱ्यातून पहिलं वजा करतं.
मांडीचं हाड जातं, गुडघ्याची वाटी जाते,
चिखल तुडवलेली साठ वर्षं जातात,
उरतं फक्त वाहणारं.
माणूस हलला
तर हाडं भुतांसारखी परत येतात.

ते हलले नाहीत.
नुसती मान वळवून पडद्याकडे बघत होते.
"पोरी, ही त आमची खारी हाय."
तांबवेकर मॅडमनी वर पाहिलं.
"सुकतीची. ही मोठी धार बग,
आन् इकरं गाल बसलाय,
म्हनून बाजूनं ह्ये बारीक पोय फुटले."

कोलॅटरल म्हणतो आम्ही त्यांना.
रिपोर्टात तसंच लिहितो.

तार गाळापर्यंत गेली, थांबली,
वळली, मागे आली, पुन्हा गेली.
पेडलवर पाय, पेडलवरून पाय.
दर पाच मिनिटांनी यंत्र घंटा वाजवतं,
मी ती बंद करते.
"जोर नको करू गं बाय,"
चादरीखालून आवाज,
"होरी रुतली का जोर करायचा नाय."
मॅडम हसल्या नाहीत.
त्यांनी मूठ सैल केली, ते मी काचेतून पाहिलं.

छत्तिसाव्या मिनिटाला तार पलीकडे गेली.
त्यांच्या बोलण्यामुळे गेली असं मी म्हणणार नाही.
त्याआधी आत जाऊन
अठराची तार मी सुचवली होती.
हे कुठल्याच रकान्यात भरायचं नसतं.

मग फुगा. दोन मिनिटं मी मोठ्याने मोजली.
मग शेवटचं चित्र:
पोटरी, घोटा, टाच, चार बोटं.
मी उजेड वाढवून पाहिला, कमी करून पाहिला.
चारच.
"आंगठ्याचं काय?" त्यांनी विचारलं.
जिन्सी पट्टी बांधत राहिली.

तीन आठवड्यांनी खाली गेटवर हुज्जत चाललेली.
सिक्युरिटीवाला पिशवी आत सोडत नव्हता.
काका काठी टेकून, एका पायात सँडल,
दुसऱ्यात बँडेजवर चढवलेली प्लास्टिकची पिशवी.
"आंगठा नेला, पाय ठेवला," म्हणाले,
हिशेब सांगावा तसं.
"चिंबोऱ्या हायेत. नांग्या बांधल्यात, भिऊ नको."

एप्रन वर हँगरवर होता,
बॅज त्याच्या छातीवर.
मी नुसतीच उभी होते उन्हात,
अंगावर काही वजन नसलं
की मला तोल जाईलसं वाटतं.

पिशवीत काहीतरी हललं.
जिभेवर आलेलं वाक्य
मी तिथेच गिळलं,
आणि हलू दिलं.