मोरी दाखवते, ये

देवघर काल दाखवलं, डबे तू आपले आपण उघडून बघितलेस,
आता ही मोरी बघ, वरलक्ष्मी.
विडी घरकुलात सगळी घरं एका साच्यातली,
बाई कशी आहे ते मोरीवरून कळतं,
असं माझी सासू म्हणायची. तेलुगूत म्हणायची,
मराठीत तेवढं झोंबत नाही.

पाणी चौथ्या दिवशी येतं, कधी पाचव्या.
पहाटे तीनला उठून पिंप, घागरी, कळश्या,
कुकरसुद्धा भरून ठेवतो आपण
आणि साठलेलं धुणं एकदम काढतो.
तुंबायची ती मोरी त्याच दिवशी तुंबते.
कोरड्या दिवसांत गप्प असते,
मनात ठेवते सगळं.

तुझा नवरा टॉवेलच्या मागावर.
भुवयांत, कानांत, बनियनच्या शिवणीत
रुई घेऊन येतो घरी.
त्याचे कपडे आधी गच्चीवर झटकायचे, कोरडेच.
भिजवलेस की संपलं.
रुई केसांना धरते, साबणाचं बोट धरून खाली उतरते
आणि पाइपाच्या वळणावर बसून चादर विणते.
सोलापूरची रुई ती, दुसरं काय करणार.

माझ्या सुपातला तंबाखूचा भुगा पेपरावर.
शेंगाचटणीचा खल धुण्याआधी
भाकरीच्या तुकड्याने पुसायचा, तुकडा खायचा.
पोटात गेलेलं तेल जिरतं.
पाइपात गेलेलं वर्षभर पुरतं.

आणि केस. दारात बसून विंचर,
गुंता बोटाला गुंडाळून त्या पिशवीत ठेव.
शुक्रवारी केसांवर भांडी देणारी येते.
मला दोन वर्षांच्या केसांची ही चहाची गाळणी मिळाली,
तीच आता जाळीवर बसवलीय.
केसांवर आली, केसच धरते.

हसतेस?
एवढं कशाला, म्हणत असशील मनात.
बस इथे, उंबऱ्यावर.

तुझ्या नणंदेला बघायला सिरसिल्ल्याहून पाहुणे यायचे होते.
पोहे भिजवलेले, आणि मोरी उलटून
घोट्यापर्यंत पाणी, त्यावर तरंगणारं काय काय.
सासऱ्यांनी तिपण्णाला आणलं.
त्याने शर्ट काढून आपल्या सायकलला अडकवला,
आमच्या खुंटीला नाही.
सळई घातली, ती वाकली.
मग हात घातला. कोपरापर्यंत. खांद्यापर्यंत.
गाल फरशीला टेकलेला,
तोंड माझ्याकडे, नजर कुठेच नाही.

बाहेर आलं ते मांजराएवढं होतं.
पांढरं, काळं, तपकिरी.
ह्यांची रुई, माझे केस, सासूची तंबाखू,
आमचं अख्खं घर त्याच्या मुठीतून ठिबकत होतं.

हात धुवायला पाणी मागितलं त्याने.
मी तांब्या वरून धरला.
उंच. अजून उंच. धार त्याच्यापर्यंत जावी,
शिंतोडा माझ्यापर्यंत येऊ नये.
माझाच मळ होता गं तो.

चहा दिला, कागदी कपात.
पिऊन झाल्यावर त्याने इकडेतिकडे बघितलं,
मोकळ्या झालेल्या मोरीकडेही बघितलं,
आणि कप चुरगाळून स्वतःच्या खिशात घातला.

पाहुण्यांना मुलगी पसंत पडली.
मोरीचं त्यांना कळलंसुद्धा नाही.
सासऱ्यांनी पन्नास रुपये ठरवले होते, चाळीस दिले.
तो घासाघीस न करता गेला,
सायकल हातात धरून, चालत.

त्यानंतर त्याला बोलवायची वेळ आली नाही.
येऊ दिली नाही मी.
रोज रात्री भांडी आवरली की गाळणी उचलते,
साचलेलं चिमटीने काढून कचऱ्यात,
मग तांब्याभर गरम पाणी. एवढंच.
किळस अजून येते. येऊ दे, आपलीच आहे.

उद्या पाण्याचा दिवस.
आज गाळणी तू काढ.
ती काडी कशाला शोधतेस,
हात घाल.