सोमवारी हळद बंद असते

शेजारची गिरणी सोमवारी बंद,
म्हणून कुपवाडात आम्ही रंग सोमवारीच मारतो.
एरवी हवेत हळद असते. दिसत नाही,
पण ओल्या बॉनेटवर बसली की दिसते
आणि मग दिसतच राहते.

गाडी आरवाडे बाईंची. वन एटीन एनई, नव्वद सालची.
पाच वर्षं जमवतायत:
काच इचलकरंजीची,
दाराचं रबर कुठल्याशा मेलेल्या गाडीचं,
इंजिन तेवढं तिचं तिचं.
शाळेत भूगोल शिकवायच्या. रंग निवडायला
डब्यातून द्राक्षं घेऊन आल्या, तासगावची.
"पिकायच्या आदल्या दिवशीचा हिरवा," म्हणाल्या.
गणपती पेठेत चौदा शेडकार्डं उलगडून झाली
तोवर द्राक्ष पिकलं.
दुकानदार म्हणाला, साधा एनसी मारा, निम्म्यात होईल.
बाईंनी विचारलं, उन्हात किती टिकेल?
तो काउंटर पुसायला लागला.

पीयू, मग. दोन भाग रंग, एक भाग हार्डनर,
आणि त्या एका भागात काय असतं ते
डब्यावर मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं.

आमच्याकडं ते दस्तगीरचाचांच्या छातीत लिहिलंय.
तीस वर्षं तोंडाला रुमाल बांधून मारले त्यांनी
ट्रक, टँकर, उसाच्या ट्रॉल्या, एका पैलवानाची बुलेट.
रुमाल रंग अडवतो.
हार्डनरला रुमाल म्हणजे उघडं दार.
वास येतो तो थिनरचा; ह्याचा येत नाही,
हे न सांगता येतं आणि मुक्काम करतं.
आता चाचा शेडच्या दारातसुद्धा येत नाहीत.
रस्त्यापलीकडं, वारा येतो त्या अंगाला,
कडुलिंबाखाली खुर्ची. खिशात पंप.

रविवारी रात्री मी दाढी काढली.
मास्क गालाला चिकटायला पाहिजे,
केसाएवढी फट ही पण फटच.
सकाळी चहावाला धनपाल बघून दचकला,
"काय रं, कोण गेलं?"
म्हटलं, कुणी जाऊ नये म्हणून.

जमिनीवर पाणी मारलं. पंख्यापुढं दोरा धरला,
ओढतोय. अंगभर पांढरा सूट, हातात निळे मोजे,
पाठीवर हवेची नळी. तिचा पंप मागच्या गल्लीत,
तिथली हवा मी इथं पितो:
थोडी रबराची, थोडी कुणाच्यातरी फोडणीची.

गन वीतभर लांब. पट्टा निम्म्यावर निम्मा.
मनगट वळवायचं नाही, सगळा माणूस चालवायचा.
फ्स्स, आणि पत्रा ओला होतो,
फ्स्स, आणि ट्यूबलाइट त्यात उतरते, सरळ, न थरथरता.

दोन हातांच्या मधे पंधरा मिनिटं.
बाहेर, लांब जाऊन मास्क काढला.
चाचा खुर्चीतूनच ओरडले,
"डाव्या दाराशी हात थांबला तुझा."
रस्त्यापलीकडनं! नुसत्या आवाजावरनं!
गेलो, बघितलं. हँडलखाली
एक ओघळ, तांदळाएवढा, निघायच्या बेतात.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, हात लावू का म्हणाल्या.
नाही म्हटलं. वाळलाय, पिकला नाही अजून.
त्या हसल्या. द्राक्षाचं ऐकून घ्यावं लागलं मला.

नवव्या दिवशी गाडी ढकलत रस्त्यापलीकडं नेली.
हार्डनरचे डबे कुलपात, शेडचे पंखे तरी चालूच,
आणि गिरणीही चालू, पण आता हळद बसली
तर फडक्यानं निघते.
चाचांनी बॉनेट बघितलं नाही.
गुडघ्यावर हात टेकत वाकले, दाराच्या खालच्या कडेला,
जिथं कुणी बघत नाही, नख फिरवलं.
संत्र्याची साल कुठं लागली नाही असं मी समजतो,
कारण ते काही बोलले नाहीत.

मग उठले, जरा थांबले, दम गोळा केला
आणि बॉनेटवर तोंड नेऊन हाऽऽ केलं,
चष्म्याच्या काचेवर करतात तसं.
वाफेचा एक गोल उमटला, आठाण्याएवढा.
आम्ही तिघंही तो बघत राहिलो,
कडेकडेनं आत आत येत
हिरवा होईपर्यंत.