चार मुठींना थोडं कमी

लाकडी खोक्यातलं पाकीट घेऊन मी लिहिलं:
जागा क्रमांक अकरा, रात्री दोन, माणसं तीन.
रेंजरनं खिडकीतून वाकून पाहिलं.
मागच्या सीटवर कानटोपी घातलेले मामंजी.
"तुझे वडील?"
मी म्हणाले, हो.
मराठीत त्यांच्यासाठी माझ्याकडे एक शब्द आहे,
वाटण्या झाल्या तेव्हा तो परत द्यायचा राहिला.
इंग्रजीत मला सुरुवात त्यांच्या मुलापासून करावी लागली असती
आणि मागे गाड्या खोळंबल्या होत्या.

सॅन होजेच्या पूर्वेच्या टेकड्या जूनमध्ये
शेळीच्या पाठीसारख्या, पिवळ्या, खरबरीत.
मामंजी उतरले, टाचेनं जमीन ठोकून पाहिली.
बत्तीस वर्षं मोजणी खात्यात, जत तालुक्यात,
साखळी ओढत, बांधावरच्या शिव्या खात.
तंबूची दोरी मागून घेतली,
तीन, चार, पाचचा त्रिकोण आखला
आणि मगच पहिला खुंटा ठोकला.
"तंबू आहे मामंजी, बंगला नाही."
"काटकोन तो काटकोन."

आगीला बंदी होती.
छोट्या गॅसवर दशम्या गरम केल्या, वर शेंगांची चटणी.
दरीतून कोल्हेकुई आली. मुक्ता म्हणाली, कायोटी.
मामंजी म्हणाले, नाव काहीही ठेवा,
रडणं कोल्ह्याचंच.

मग अंधार नीट पडला.
पश्चिमेला डोंगराच्या कडेशी शहराचा उजेड
उतू जायच्या बेतातल्या दुधासारखा,
पण डोक्यावर कुणी हात लावलेला नव्हता.
मामंजींनी नातीला जवळ घेतलं:
हात ताठ कर, मूठ वळ, क्षितिजावर ठेव.
एका मुठीवर दुसरी, दुसरीवर तिसरी,
ध्रुवापर्यंत किती होतात?
"चार. नाही, चारला थोडं कमी."
"आपल्या जतला दोनसुद्धा भरत नाहीत."
म्हणजे आपण किती लांब आलो, आजोबा?
ते म्हणाले, दोन मुठी.

सप्तर्षी दाखवताना ते एकेकाचं नाव घेत गेले,
क्रतू, पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस,
आणि सहाव्यापाशी बोट थबकलं.
तो वसिष्ठ. त्याला खेटून ती बारीकशी.
बारा वर्षांपूर्वी, सांगलीत, कार्यालयाच्या गच्चीवर
गुरुजींनी आम्हा दोघांना विचारलं होतं, दिसली का?
आम्ही दोघांनी हो म्हटलं होतं.
ट्यूबलाइटच्या झगमगाटात मला काहीच दिसलं नव्हतं.
त्याला दिसली होती का, हे विचारायचं राहूनच गेलं.
मामंजींनी बोट उचललं, सरळ सातव्यावर नेलं.
"मरीची," ते म्हणाले. घसा खाकरला.

लोआनबाई दर महिन्याच्या अमावास्येला येतात,
टपाल खात्यातून निवृत्त, दुर्बीण स्वतःच्या हातानं घडवलेली,
टॉर्चला तांबडा कागद.
त्यांना आमचं काय ठाऊक?
त्यांनी दुर्बीण नेमकी तिथेच लावली.
मुक्तानं डोळा लावला, एक पाय उचलून.
"दोन नाहीत, तीन आहेत!
मोठा म्हणता तोच दोन आहे."
मग मामंजी वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले.
मागे एक कोरियन कुटुंब शिस्तीत उभं होतं.
सरळ होत ते माझ्याकडे न बघता म्हणाले,
"जुन्या मोजणीत चूक राहिली होती."
माझी पाळी आली. मी बघितलं.
तीन होते. कोण कुणाचं, ते कळत नव्हतं.

पहाटे तीनला जाग आली.
मुक्ता आडवी पसरलेली, मधली पिशवी रिकामी.
बाहेर घडीच्या खुर्चीत मामंजी, अंगावर शाल,
उत्तरेकडे हात ताठ, मूठ वळलेली.
सप्तर्षी खाली कलंडले होते.
"काय झालं, मामंजी?"
"काही नाही. ताळा करून बघतोय."
दुसरी खुर्ची दवानं ओली होती.
ओढणीनं पुसून घेतली,
बसले, आणि माझाही हात पुढे धरला.