प्रकार : इतर

सिव्हिल लाइन्सच्या त्या खोलीत मे महिन्यात
कूलरमधला वाळा सुकला की कागदांना वास यायचा
जुन्या डिंकाचा, थोडा उंदरांचाही.
तिथं मी एकोणीस वर्षं शस्त्र परवाने लिहिले.
एकनळी. दुनळी. रायफल. पिस्तूल. रिव्हॉल्वर.
सहावा रकाना छापलेला होता,
पण त्यात शाई कधी पडली नव्हती.

मग इंदिराबाई बोकडे आल्या, काटोलहून, एसटीनं,
सतरंजीत गुंडाळलेलं काहीतरी मांडीवर घेऊन.
कंडक्टरनं विचारलं म्हणे, बाळाचं हाफ तिकीट काढू का?
"आजाची हाय जी. घरात आता कोनी चालवनारं नाई.
सरकारनं ठेवून घ्यावी."

नळी एक. पण नळीच्या मागं
लोट्याएवढा एक लोखंडी गोळा, पाच घरांचा,
अंगठ्यानं ढकलला की फिरे,
खट्,
आणि पुढचं घर नळीसमोर.
रिव्हॉल्वर म्हणावं तर खांद्याला लावायची,
बंदूक म्हणावं तर ही फिरते कशी?

जुनी दफ्तरं काढली.
सव्वीस सालच्या वहीत सुबक अक्षर : चक्री बंदूक, नग एक.
स्वातंत्र्यानंतर ती नुसतीच एकनळी झाली.
साठच्या पुढं, नवा कायदा आला तेव्हा,
कुणीतरी लिहिलं रिव्हॉल्वर, मोठे,
आणि दुसऱ्या कुणी त्यावर लाल प्रश्नचिन्ह काढलं.
प्रश्नचिन्हाखाली साहेबांची सही आहे.
मी वर पत्र पाठवलं. वरच्यांनी आणखी वर.
सात महिन्यांनी उत्तर आलं :
आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा.

म्हणून इतवारीतून श्यामराव बढियेंना बोलावलं.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, बोटानं चाचपलं,
"हे पाहा साहेब, चाक आन् नळीच्या मंधात फट.
बार उडाला का थोडा जाळ बाजूनं निंगते.
रिव्हॉल्वर मानूस हातभर दूर धरते, खपून जाते.
इथं डावा हात फटीच्या समोरच.
हे जात कायद्यानं नाई मारली.
मनगटानं मारली."

इंदिराबाई पहिल्यांदा हसल्या.
"आजाच्या मनगटावर काळे तीळ होते, एका ओळीत.
आमाले वाटे, गोंदलं हाय."

"आन् चवथं घर वाकडं. लिहा, बार चारच."
मी म्हटलं, कायदा घरं मोजतो.
ते म्हणाले, "चालतेत थे मोजा."
वहीप्रमाणे आजाला वर्षाला पंचवीस काडतुसं मिळत,
म्हणजे पाच पूर्ण फेऱ्या,
किंवा चवथं वगळून सहा,
आणि एक उरतं.
त्या उरलेल्या एकाचं तो काय करी, कुठल्याच वहीत नाही.

पंच बोलावले. चहाची किटली धरून उभा असलेला गज्जू,
आणि मुद्रांक विकणारे धाबेकर.
एकेक घर उजेडाकडे धरलं.
पहिलं, दुसरं, तिसरं आरपार :
खिडकीतला कडुलिंब, गोल, रुपयाएवढा.
चवथ्यात अंधार.

बढियेंनी काडी घातली.
आपट्याचं पान निघालं, जोडपान, दुमडलेलं,
हातावर येताच त्याचा तंबाखूसारखा चुरा झाला.
"दसऱ्याले आजा पाचही घरांत सोनं ठेवे," बाई म्हणाल्या,
"चारांतलं उडून जाये."

गज्जूनं किटली खाली ठेवली.
धाबेकर घड्याळ बघत होते.
मी लिहिलं : तपासणीअंती पाचही घरे रिकामी आढळली.
पंचांनी सह्या केल्या. बढियेंनी तळहात झटकला नाही,
मूठ मिटूनच बाहेर गेले.
प्रकार, मी लिहिलं, इतर.

खोटा पंचनामा माझ्या हातून तेवढा एकच.

बाईंना पावती दिली.
त्यांनी सतरंजी तेवढी परत मागितली,
नीट घडी घातली, काखेत धरली,
दारातून वळून विचारलं,
"इले तं परवाना नाई लागत न जी?"